जुनी गाडी पीयूसी चाचणीत पास कशी करावी

पंधरा-वीस वर्षांची मोटार पीयूसीत नापास झाली की बरेच मालक ती मेकॅनिककडे नेतात आणि "जरा ट्यूनिंग करून द्या" एवढेच सांगून मोकळे होतात. काही जण सायलेन्सरमध्ये नळी न घालताच प्रमाणपत्र देणारे केंद्र शोधतात. दुसरा मार्ग बेकायदेशीर आहे आणि त्यात गाडीचा आजार तसाच राहतो. पहिला मार्ग चुकीचा नाही, पण अर्धवट आहे, कारण नेमके काय बिघडले आहे हे चाचणीच्या आकड्यांवरून बऱ्याच अंशी कळते आणि नेमके तेच आकडे कोणी मेकॅनिकला दाखवत नाही. नापास गाडीला मर्यादेबाहेरच्या आकड्यांसह नामंजुरीची पावती देण्याची तरतूद २०२१ पासून आहे. ती मागून घ्यावी आणि मगच गॅरेज गाठावे.

सर्वांत आधी आपल्या गाडीला कोणती मर्यादा लागू आहे ते पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार भारत स्टेज (धुराच्या मर्यादा ठरवणारे सरकारी टप्पे) दोनच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीसाठी आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेले पेट्रोल) १५०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १५०० भाग, इतके चालते. स्टेज दोन व तीनच्या गाड्यांना हीच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहे, तर स्टेज चारच्या गाड्यांना ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. शिवाय स्टेज चारच्या गाडीची सुमारे २५०० आरपीएमवर आणखी एक चाचणी होते, ज्यात कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाचा आकडा; १ म्हणजे नेमके प्रमाण) ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान असावा लागतो. यात एक मेख आहे. स्टेज चार एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांतच आला आणि देशभर एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. त्यामुळे २०१२ साली पुण्यात घेतलेली गाडी आणि त्याच वर्षी कोल्हापुरात घेतलेले तेच मॉडेल यांच्या मर्यादा वेगळ्या असू शकतात. आपल्या गाडीची नोंद वाहन पोर्टलवर पाहावी आणि ती चुकीची आढळल्यास आधी आरटीओतून दुरुस्त करून घ्यावी, नाहीतर निरोगी गाडीही चुकीच्या मापाने मोजली जाईल.

आता आकडे वाचण्याकडे वळू. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन ठीक असेल, तर इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळत आहे असे समजावे. कार्बन मोनॉक्साइड ठीक आणि हायड्रोकार्बन जास्त असेल, तर पेट्रोल जळतच नाही, म्हणजे कुठेतरी मिसिंग आहे (एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत आहे): प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्यूटर, टायमिंग किंवा नीट न बसणारा व्हॉल्व्ह. हवा गळून मिश्रण फार पातळ झाले तरी अशीच मिसिंग होते, म्हणून मॅनिफोल्डच्या गॅस्केटकडे आणि व्हॅक्यूमच्या तडकलेल्या नळ्यांकडेही लक्ष द्यावे. दोन्ही आकडे चढलेले असतील, तर मिश्रण इतके घट्ट (पेट्रोल जास्त, हवा कमी) झाले आहे की ठिणगीही नीट पडत नाही. अशा गाडीत आधी पेट्रोलचा पुरवठा सुधारावा आणि मग प्लग बदलावेत, कारण उलट क्रमाने गेल्यास नवे प्लगही काही दिवसांत काळे होतात.

प्लग काढून त्याचे टोक उजेडात पाहणे ही बिनखर्चाची तपासणी आहे. फिकट तपकिरी टोक म्हणजे ज्वलन ठीक, कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, आणि ओला तेलकट काळा थर म्हणजे ऑइल वर चढत आहे. चारही प्लग ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने फडक्यावर मांडावेत. एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे. चारही सारखेच काळे असतील तर दोष कार्बोरेटर, एअर फिल्टर किंवा सेन्सरसारख्या सगळ्यांना सामाईक असलेल्या भागात आहे.

कार्बोरेटरच्या गाडीत घट्ट मिश्रणाचे मूळ बहुधा साध्या जागी असते. चोकची केबल गंजून अडकते आणि डॅशबोर्डवरची घुंडी आत ढकललेली असली तरी आतली पट्टी अर्धी बंद राहते. एअर फिल्टरचे झाकण उघडून ती डोळ्यांनी पाहावी. कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणारी फ्लोटची सुई झिजली की पेट्रोल ओव्हरफ्लो होते. हे दोन दोष आणि फिल्टर यांची खात्री झाल्यावरच मिक्श्चरच्या स्क्रूला हात लावावा, आणि तोही शक्यतो गॅस ॲनालायझर लावून. केवळ कानाने सेटिंग करणारे जुने कारागीर आहेत आणि त्यांचा कान खरोखर तयार असतो. पण त्यांचे लक्ष गाडी गुळगुळीत चालण्याकडे असते आणि गुळगुळीत चालणारी गाडी बहुधा थोड्या घट्ट मिश्रणावरच चालत असते. उलट, पास होण्यासाठी स्क्रू आवळत नेल्यास इंजिन गचके देते आणि हायड्रोकार्बन वर जाते.

एमपीएफआय गाड्यांत (कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या नियंत्रणाखाली इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) स्क्रू नसतो आणि म्हणूनच दोष लवकर लक्षात येत नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असेल किंवा कूलंटचा तापमान सेन्सर चुकीचे सांगत असेल, तर इंजिन थंडच आहे असे कंट्रोल युनिटला वाटते आणि ते जास्त पेट्रोल सोडत राहते. पूर्वी गाडी तापते म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकला, असे आपल्याकडे सर्रास आढळते. तो परत बसवावा. थकलेला ऑक्सिजन सेन्सर आणि गळणारा इंजेक्टर हे पुढचे संशयित. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा, आत जाळी असलेला डबा) सर्वांत शेवटी तपासावा. तो महाग असतो, आणि मिसिंग तशीच ठेवून नवा बसवला तर न जळलेले पेट्रोल त्याच्या आतच जळते व नवी जाळीही वितळते. जुन्या गाडीत कन्व्हर्टर पोकळ करून सायलेन्सर परत जोडलेला असू शकतो. हाताच्या मुठीने हलके ठोकल्यावर आतून खडखड आली किंवा आवाज अगदीच रिकामा वाटला, तर शंका घ्यावी.

एका गोष्टीकडे मेकॅनिकही दुर्लक्ष करतात, ती म्हणजे इंजिन ऑइल. घट्ट मिश्रणावर बराच काळ चाललेल्या गाडीच्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरते, आणि क्रँककेसच्या श्वासनळीतून त्याची वाफ पुन्हा इंजिनात जाऊन कार्बन मोनॉक्साइड वाढवते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर दोष दुरुस्त झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय चाचणीला जाऊ नये.

चाचणीच्या दिवशी गाडी किमान पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर चालवून थेट केंद्रावर न्यावी, कारण थंड कन्व्हर्टर काम करत नाही. रांग असेल आणि गाडी बराच वेळ आयडलिंगला उभी असेल, तर आपली पाळी येण्याआधी एक-दोन मिनिटे इंजिन मध्यम रेसवर ठेवावे. एसी आणि दिवे बंद ठेवावेत. नळी सायलेन्सरमध्ये सुमारे ३० सेंटीमीटर आत जायला हवी. गंजून तुटलेल्या आखूड पाइपात ती जात नाही आणि बाहेरची हवा मिसळते. सायलेन्सरला भोक असले तरी तेच होते आणि लॅम्डाचा आकडा बिघडतो. म्हणून वेल्डिंग आधी करून घ्यावे.

डिझेलची चाचणी वेगळी आहे आणि तिच्यात धोकाही जास्त आहे. तिथे आयडलिंगवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन वरच्या टोकाच्या वेगापर्यंत नेतात आणि असे अनेकदा करून धुराची घनता मोजतात. स्टेज चारच्या आधीच्या गाड्यांना ६५ एचएसयू (धुराची घनता मोजण्याचे एकक) आणि स्टेज चारच्या गाड्यांना ५० एचएसयू ही मर्यादा आहे. टायमिंग बेल्ट मुदतीबाहेर गेलेला असेल, तर या फुल रेसमध्ये तो तुटून व्हॉल्व्ह वाकू शकतात. बेल्टची मुदत, ऑइलची पातळी आणि कूलंट न पाहता डिझेल गाडी चाचणीला नेणे हा केवळ जुगार आहे. काळा धूर असेल तर एअर फिल्टर, टर्बोच्या होसपाइपची गळती, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) आणि इंजेक्टर या क्रमाने तपासावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे आणि त्यावर ट्यूनिंगचा उपाय नाही. शहरात सावकाश फिरणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी साचते, ती पहिल्याच रेसला बाहेर पडते. अर्धा तास महामार्गावर एक गिअर खाली ठेवून, वेगमर्यादा पाळून गाडी चालवली की ती बरीच निघून जाते.

प्रमाणपत्र स्टेज चार व त्यानंतरच्या गाड्यांना वर्षभर, तर त्याआधीच्या गाड्यांना सहा महिनेच चालते. ते नसल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र ठरू शकते. गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होत असतील, तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठीही चालू पीयूसी लागते. म्हणून वर सांगितलेली दुरुस्ती तपासणीच्या तारखेच्या महिनाभर आधीच करून घ्यावी. जुन्या मॉडेलचा सेन्सर किंवा फ्लोटची सुई दुकानात लगेच मिळेलच असे नाही.