आडतीच्या सॉफ्टवेअरला टूलबार लावला, माझा अनुभव

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानासाठी पायक्यूटीत (पायथनमधून विंडो-बटणांचे प्रोग्राम करायची लायब्ररी) बिलाचं छोटं सॉफ्टवेअर केलतं, सोयाबीनच्या सीझनला मुनीमजी म्हणायले की प्रत्येक पट्टीला, म्हणजे मालाच्या बिलाला, मेनू उघडत बसायला टाइम कुठंय, वर बटणं द्या. मेन विंडो क्यूमेनविंडोची (पायक्यूटीतली तयार मुख्य विंडो) असली की टूलबार, म्हणजे बटणांची ओळ, लई सोपा, अॅडटूलबार म्हणायचं आणि मेनूत जे क्यूअॅक्शन (मेनूतलं एकेक काम) आहेत तेच त्यात टाकायचे. नवीन बनवू नका! एकच अॅक्शन दोन्हीकडं असला की डिसेबल केल्यावर बटण आणि मेनू दोन्ही सोबतच बंद होतेत. नुसते आयकॉन कुणालाच कळंनात म्हणून टूलबटनस्टाइल बदलून आयकॉनखाली मराठी नाव दिलं.

खरा ताप पुढं. मुनीमजींनी टूलबार ओढून डावीकडं नेला की सॉफ्टवेअर परत उघडल्यावर तो पुन्हा वर! टूलबारची जागा जपणारं सेव्हस्टेट क्लोजइव्हेंटमधी (विंडो बंद होताना चालणारा कोड) होतं, ती परत लावणारं रिस्टोअरस्टेट पण होतं, तरी हेच. कन्सोलमधी वॉर्निंग दिसली, टूलबारला ऑब्जेक्टनेम (कोडमधलं आतलं नाव) नाही म्हणून. क्यूटी (पायक्यूटीमागची मूळ लायब्ररी) त्या नावावरूनच टूलबार ओळखतंय. एक ओळ टाकली, सेटऑब्जेक्टनेम, झालं. फक्त रिस्टोअरस्टेट टूलबार लावल्यानंतरच बोलवा, आधी नाही.

अजून एक, टूलबारवर राइट क्लिक करून टिक काढली की तो गायब होतो, मग फोनवर फोन. त्याचा टॉगलव्ह्यूअॅक्शन (टूलबार दाखवायचा-लपवायचा अॅक्शन) घेऊन व्ह्यू मेनूत टाकला, आता मुनीमजी स्वतःच परत आणतेत.