चिनी वाचन आणि वय: आधी चष्मा बघा, मग सिद्धांत मांडा

वाचताना डोळा कुठे थांबतो आणि कुठे उडी मारतो ते यंत्राने टिपून वाचनाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. फिक्सेशन (नजरेचा ठहराव), सॅकेड (नजरेची उडी), स्किपिंग (न थांबता शब्द गाळणं) या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. वयस्कर चिनी वाचकांवर काम सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात हातात पडतं ते इंग्रजीचं जुनं चित्र. वाचनातल्या नजरेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलं की म्हातारे इंग्रजी वाचक हळू वाचतात, मागे जास्त फिरतात, पण शब्दही जास्त गाळतात. म्हणजे अंदाजाने पुढे सरकायचं आणि फसलं की परतायचं. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे दिसलं असं नाही. चिनीत तर उलटंच आहे. तिथले वयस्कर वाचक आखूड उड्या घेतात, शब्द कमी गाळतात, जपून वाचतात. चीनमधलं त्येन्चिन नॉर्मल आणि इंग्लंडमधलं लेस्टर या विद्यापीठांच्या एकत्रित कामात हे दिसलेलं आहे. म्हणून इंग्रजीचं गृहीतक उचलून चिनीवर चिकटवू नका.

कारण लिपीतच आहे. चिनी वाक्यात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ‘ह्वा’ म्हणजे फूल, ‘ह्वा-शंग’ म्हणजे शेंगदाणा, ‘शंग-चांग’ म्हणजे वाढणं. ही तीन अक्षरं ओळीने आली की शब्द कुठे तोडायचा ते वाचकानेच ठरवायचं. तरुण वाचकाला एका ठहरावात डावीकडचं एक आणि उजवीकडची साधारण तीन अक्षरं उपयोगी पडतात. वयाबरोबर हा पट्टा अरुंद होतो. पुढच्या शब्दाची हद्दच धूसर असेल तर तो गाळायचा धीर कोण करणार?

आता मुख्य खड्डा. इथे भलेभले पडतात, आणि पडल्याचं त्यांना कळतही नाही.

वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी बनवलेला असतो. तुमचा पडदा असतो ६५-७० सेंटिमीटरवर. साठीनंतर डोळ्याची स्वतःहून जुळवून घेण्याची ताकद जवळपास संपलेली असते. ४० सेंटिमीटरला २.५ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचं एकक) लागतात, ६७ ला १.५. म्हणजे लांबचं नीट दिसणाऱ्या आजोबांना त्यांच्या पुस्तकाच्या चष्म्यासकट बसवलंत तर नंबर एक डायॉप्टरने जास्त होतो. चष्मा काढायला लावलात तर दीडने कमी पडतो. दोन्हीकडून मार. प्रोग्रेसिव्ह काचांचा घोळ वेगळाच. त्यांचा जवळचा भाग खाली असतो, आणि तुम्ही हनुवटी टेकणीवर अडकवून ठेवलेली. मान उचलता येत नाही, त्यामुळे माणूस वरच्या, लांबच्या भागातून वाचत बसतो.

तक्रार कुणी करत नाही. ‘दिसतंय ना?’ विचारलंत तर ‘दिसतंय’ म्हणतात, आणि ते खरंही असतं. आकलनाचे प्रश्नही बरोबर सोडवतात, कारण संदर्भ मदतीला असतो. त्यामुळे ‘आकलन उत्तम, म्हणजे दृष्टी ठीक’ हा शॉर्टकट निव्वळ फसवा आहे. नुकसान होतं ते बारीक रेषांचं. ‘माती’ आणि ‘विद्वान’ या दोन चिनी अक्षरांत दोनच आडव्या रेषा आणि एक उभी. फरक एवढाच की एकात खालची आडवी लांब, दुसऱ्यात वरची. आपल्या घ-ध सारखंच, पण असल्या जोड्या ढिगाने. पंधरा-सोळा रेषांच्या अक्षरात तर थोडी धूसरता आली की आतला भाग नुसता डाग होतो. मग निकाल काय येतो? ‘वयस्करांवर रेषासंख्येचा परिणाम जास्त.’ छान शीर्षक, सुबक आलेख, आणि मोजलेलं असतं चष्म्याचं अंतर.

उपाय कंटाळवाणा, पण स्वस्त आहे. दृष्टितक्ता पडद्याच्याच अंतरावर लावून तपासा, ४० वर नाही. चाचणीची (काचा बदलता येणारी) चौकट आणि +१.०० ते +२.००, पाव-पावच्या टप्प्यांनी काचा ठेवा. आकडा प्रत्येक सहभागीच्या नोंदीत लिहा, तरुणांच्याही. अक्षराचा आकार कोनात मोजा: ६७ सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे सुमारे १.१७ सेंटिमीटर. आणि कॅलिब्रेशनच्या (पडद्यावरचे बिंदू दाखवून यंत्र त्या माणसाच्या नजरेशी जुळवण्याच्या) आधी दिसायला सारखी वीसेक सुटी अक्षरं मोठ्याने वाचून घ्या. चुकले तर काच बदला. माणूस बाद करायची घाई नको.

दुसरी गोष्ट थोडक्यात, पण जड आहे. १९५४ साली जन्मलेला माणूस १९६६ मध्ये बारा वर्षांचा होता. त्याच वर्षी सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतीत शाळा बंद पडल्या, गाओकाओ ही प्रवेशपरीक्षा थेट १९७७ ला परत आली. त्याच्या अर्जावरची ‘शिक्षण ९ वर्षे’ आणि आजच्या तरुणाची ९ वर्षं एकच नाहीत. दोन गट फक्त वर्षांवर जुळवलेत तर वय आणि पिढी वेगळी करता येणार नाही. शब्दसंग्रहाची चाचणी घ्याच. ज्येष्ठांसाठीच्या विद्यापीठांतून (चीनमध्ये १९८३ पासून आहेत) माणसं पटापट मिळतात, पण ती हौशी वाचकांची निवडक टोळी असते. शब्दवारंवारतेसाठी (शब्द किती वेळा वापरात येतो) सबटलेक्स-सीएच ही यादी वापराल; ती चित्रपट-मालिकांच्या सबटायटलांवरून काढलेली आहे, हे लक्षात असू द्या. शब्द किती ओळखीचे आहेत याचे गुण वयस्करांकडून वेगळे घ्या.

आकडेमोडीतली एक फसगत. समजा तरुणांना सोपा शब्द २४० मिलिसेकंद, अवघड २७०. वयस्करांना ३२० आणि ३६०. ३० विरुद्ध ४०, म्हणजे ‘वयाने परिणाम वाढला’? दोन्हीकडे वाढ साडेबारा टक्केच आहे. कच्च्या वेळेसोबत तिचा लॉग (लॉगरिदम, म्हणजे टक्केवारीतली वाढ दिसते) घेऊनही तपासा. दोन्हींत टिकलं तरच ठासून बोला. ठहरावांची वरची मर्यादा ८०० मिलिसेकंद ठेवलीत (त्याहून लांब ठहराव वगळलेत) तर कात्री वयस्करांवरच जास्त चालते. १२०० बरी.

यंत्र रुसणारच. आकसलेली बाहुली, ओघळलेली पापणी, मोतीबिंदूनंतरच्या भिंगाची चमक. हे तुमचं अपयश नाही, घाबरू नका. एका ओळीच्या वाक्यांना तीन बिंदूंचं आडवं कॅलिब्रेशन पुरतं; नऊ बिंदूंचा हट्ट धरून आजींना दमवू नका. दर दहा-बारा मिनिटांनी थांबा, पाणी द्या, परत कॅलिब्रेट करा. आणि जो मार्गदर्शक कच्चे ट्रेस (नजरेच्या हालचालींच्या मूळ नोंदी) तासभर नजरेखालून घालायला न लावता थेट विश्लेषणाची स्क्रिप्ट पाठवतो, त्याच्याकडून स्क्रिप्ट घ्या, पण ट्रेस स्वतः बघा. ठहराव हळूहळू ओळ सोडून सरकताना दिसले, तर हनुवटी टेकणीवरून हलली आहे का ते बघा.