बाळाची लोकरीची टोपी: आधी डोकं मोजा, मग टाके घाला

माझी पहिली टोपी बहिणीच्या बाळासाठी होती, ती कॅनडात असते त्यामुळे टोपी खरंच लागणार होती, पुण्यासारखी चार दिवसांची थंडी नाही तिकडे. एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ बघून विणायला बसले, त्यात ८ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या म्हणून मी पण दुकानातून ८ नंबरच आणल्या. टोपी पूर्ण झाली आणि फिट बसली ती देवापुढच्या नारळाला!

नंतर कळलं की आपल्याकडचा ८ नंबर म्हणजे ४ एमएम आणि अमेरिकन ८ म्हणजे ५ एमएम. शिवाय आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे उलटं. म्हणून नंबर विसरा, एमएम बघा.

आता टोपी. साधारण तीन ते सहा महिन्यांच्या बाळाची सांगते, डोक्याचा घेर ४० सेंमी धरून. लोकर मऊ बेबी वूल, लेबलवर ४ एमएम सुई लिहिलेली, ५० ग्रॅम पुरते. गालाला घासून बघा, टोचली तर नको, आणि मोहेर वगैरे केसाळ प्रकार तर अजिबात नको, बाळ तोंडात घालतं. दोन गुंडे घेत असाल तर लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, एकच बघा, नाहीतर रंगात फरक पडतो आणि तो उन्हात गेल्यावरच दिसतो.

आता कंटाळवाणं काम, पण हे टाळलंत तर माझ्यासारखा नारळ होईल. ३० टाके घालून एक चौकोनी तुकडा विणा, एक ओळ सुलट एक ओळ उलट, आणि मधल्या १० सेंमीत किती टाके येतात ते मोजा. कडेचे मोजू नका, कड ओढलेली असते. टोपी डोक्यापेक्षा थोडी लहान ठेवायची म्हणजे ३६ सेंमी, लोकर ताणते. १० सेंमीत २२ टाके आले तर २२ गुणिले ३.६ म्हणजे ७९ आणि काहीतरी, ८० घाला. २० आले तर ७२, २४ आले तर ८८. आठाच्या पटीत ठेवा म्हणजे वर टाके घटवताना डोकं फिरत नाही.

टाके घालताना दोन सुया एकत्र धरून घाला आणि मग एक ओढून काढा, कड सैल राहते, बाळाच्या कपाळावर वळ उठत नाही. मग दोन सुलट दोन उलट अशी १२ ओळी पट्टी. त्यानंतर एक ओळ सुलट एक उलट, सुरुवातीपासून १० सेंमी होईपर्यंत, इथे टीव्ही बघत विणलं तरी चालतं.

मग घटवायचं. ८० टाके असतील तर ८ सुलट, २ एकत्र, असं ओळभर. पुढची ओळ नुसती उलट. मग ७ सुलट २ एकत्र, परत उलट ओळ, मग ६... असं करत १६ टाके उरले की पुढच्या सुलट ओळीत सगळे दोन-दोन एकत्र विणा, ८ राहतील. लोकर हातभर ठेवून कापा, मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवून आठही टाक्यांतून काढा, घट्ट ओढा आणि त्याच दोऱ्याने मागची शिवण खाली पट्टीच्या कडेपर्यंत घाला. मध्येच एखादा टाका सुटलेला दिसला तर सगळं उसवू नका, क्रोशाच्या सुईने शिडी चढल्यासारखा एकेक आडवा दोरा त्यातून ओढत वर आणा.

बांधायच्या नाड्या लावू नका, गळ्याशी गुंतायची भीती असते. आणि धुतल्यावर दोरीवर लटकवू नका, लोंबून आजोबांच्या मापाची होईल, टॉवेलवर पसरून सावलीत वाळवा.