चार्ज दिसला की आधी ओझं शोधा

साताऱ्यात कोर्टापासून चालत दोन मिनिटांवर माझा भाषांतराचा गाळा आहे. जमिनीचे कागद, बँकेच्या नोटिसा, विम्याला लागणारे दवाखान्याचे कागद, असं काहीही येतं. या सगळ्यात सर्वांत जास्त वेळा भेटणारा आणि सर्वांत जास्त वेळा दगा देणारा इंग्रजी शब्द म्हणजे चार्ज.

गेल्या पावसाळ्यात शिकायला आलेल्या मुलीनं ऑपरेशनच्या एका कागदावरच्या ‘नो डिस्चार्ज’चं भाषांतर केलं, ‘रुग्णास घरी सोडलेले नाही.’ खालच्याच ओळीत घरी सोडल्याची तारीख! डॉक्टरांना म्हणायचं होतं की जखमेतून स्राव येत नाही. कागद गाळ्याबाहेर जायच्या आत माझ्या हाती लागला म्हणून बरं. त्या दिवशी तिला समोर बसवून जे सांगितलं, ते इथे लिहिते.

शब्दकोश लगेच उघडू नका. आधी वाक्यातलं ओझं शोधा. चार्जचं मूळ लॅटिन ‘कारुस’मध्ये, म्हणजे गाड्यात आहे. त्यावरून गाड्यावर माल लादणं, आणि तिथून फ्रेंचमार्गे चार्ज. कार, कॅरी, कार्गो ही सगळी त्याच घरातली भावंडं. तेव्हा प्रश्न एकच विचारायचा: कुणी, कशाचं, कुणावर लादलं? डिस्चार्ज म्हणजे ते ओझं उतरलं. रोगी दवाखान्यातून सुटो नाहीतर पू जखमेतून वाहो, काहीतरी मोकळं होतंय.

मजा अशी, की मराठीनं हे ओझं आपल्या परीनं आधीच उचललेलं आहे. साहेबांनी चार्ज घेतला म्हणजे पदभार स्वीकारला किंवा कार्यभार हाती घेतला. इनचार्ज म्हणजे प्रभारी. सरचार्ज म्हणजे अधिभार. विजेचा चार्ज म्हणजे विद्युतभार किंवा प्रभार. सगळीकडे भारच. विहिरीच्या सुरुंगात दारू भरतात त्याला आपण बार भरणं म्हणतो, इंग्रजीत तोही चार्जच. आणि फारसीत ‘बार’ म्हणजे ओझं, बारदान त्यातलंच.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण सातबाऱ्यावरचं आहे. बँकेच्या इंग्रजी पत्रात ‘चार्ज ऑन द प्रॉपर्टी’ असतं. शिकाऊ माणूस तिथे ‘मालमत्तेवरील शुल्क’ लिहितो आणि शेतकरी घाबरून विचारतो, आता हे कसले पैसे? अहो, तो बोजा आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढतो तोच. कर्ज फिटलं की बोजा उतरवायचा, त्याचा फेरफार होतो. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला हा शब्द ठाऊक असतो.

कोर्टाच्या कागदात जरा सावध राहा. आरोप या शब्दातही वर ठेवणं आहेच. झाडाचं रोपण आणि हे आरोपण एकाच धातूचं. पण ‘अ‍ॅक्यूज’ आणि ‘चार्ज’ या दोन्हींना सरसकट आरोप लिहून चालत नाही. शेजारीण आरोप करते, न्यायालय आरोप ठेवतं. क्रियापद बदललं की अर्थ जागेवर बसतो. (शेजारणीसाठी आपल्याकडे आळ घेणं आणि बालंट आणणं हेही आहे, पण ते प्रतिज्ञापत्रात नको.) चार्जशीट पोलिस दाखल करतात, ते दोषारोपपत्र. ‘चार्ज फ्रेम’ न्यायालय करतं, ती आरोपनिश्चिती. दोन्हींत काही महिने, कधी वर्षंही जातात. एकाच्या जागी दुसरं लिहिलंत तर खटला न हलता पुढे सरकलेला दिसेल. आणि आरोपी ‘डिस्चार्ज’ झाला म्हणजे आरोपनिश्चितीआधीच दोषमुक्त झाला. साक्षीपुरावा होऊन सुटला तर ती निर्दोष मुक्तता, तिला इंग्रजीत वेगळा शब्द आहे.

आता पैसे. इथे लोक डोळे मिटून ‘शुल्क’ ठोकतात. घरातलं महावितरणचं बिल काढा आणि वाचा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि मग वेगळं वीज शुल्क. आकार म्हणजे सेवेचे पैसे, तो चार्ज. शुल्क हे सरकारकडे जाणारं, इंग्रजीतली ड्यूटी. मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क तसंच. प्रवेश शुल्क, परीक्षा शुल्क रूढ झालंय, त्याला माझी हरकत नाही. पण बँकेच्या कागदावर आणि बिलावर आकार लिहा.

बाजारातल्या कामांना तर आकारही नको. मार्केट यार्डातल्या पट्टीवर हमाली, तोलाई, भराई असे सुटसुटीत शब्द छापलेले असतात. शिंपी शिलाई घेतो. तरीही ‘शिवणकाम शुल्क’ असं लिहिलेला कागद माझ्याकडे आलाय. इंग्रजीतही पैशाचे शब्द वेगवेगळे आहेत: डॉक्टर-वकिलाची फी, गाडीचं फेअर, रस्त्याचा टोल, वस्तूची प्राइस. मूळ लेखकानं ते सोडून चार्ज वापरला असेल तर सेवेबद्दल मागितलेली रक्कम असं समजा.

एवढं करूनही अडलात तर चार्जच्या मागचापुढचा छोटा शब्द बघा. ‘चार्ज विथ’ म्हणजे आरोप ठेवला किंवा जबाबदारी सोपवली. ‘चार्ज फॉर’ म्हणजे कशाचे तरी पैसे घेतले. ‘चार्ज अ‍ॅट’ म्हणजे अंगावर धावून गेला. सर्वांत फसवी जोडी आहे ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’. नर्स मुलाच्या ‘इन चार्ज ऑफ’ असते, मूल नर्सच्या ‘इन द चार्ज ऑफ’ असतं. मधल्या एका ‘द’नं सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते. जुन्या इंग्रजी पत्रांत ‘हर चार्जेस’ आलं तर तेही बिल असेलच असं नाही. बाई आया असेल तर ती तिच्याकडे सांभाळायला दिलेली मुलं.

ओझ्याची किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही. 25 ऑक्टोबर 1854 रोजी क्रिमियात बालाक्लाव्हाला ब्रिटिश घोडदळानं रशियन तोफांवर केलेला चार्ज प्रसिद्ध आहे. तिथे भार शोधत बसू नका. चाल करून गेले, तुटून पडले, एल्गार केला असं लिहा. बैलाचा चार्ज म्हणजे बैल उधळून अंगावर आला. लाठीचार्ज म्हणजे लाठीमार, वर्तमानपत्रांनी तो शब्द कधीच रुळवलाय.

मोबाईल मात्र चार्जच करा. त्याच मुलीनं परवा एका माहितीपत्रकात ‘भ्रमणध्वनी प्रभारित करावा’ असं लिहून आणलं. मी लाल पेन उचलला, तर तीच म्हणाली, ‘ताई, राहू दे, मी पण चार्जिंगलाच लावते.’