घोडा मान झटकतो? आधी दाढा तपासा

एका बाजूला वळताना घोडा मान झटकतो, पाठ ताठ करून आखूड पावले टाकतो? चाबूक बाजूला ठेवा. बहुधा तो हट्ट नसून वेदना असते. दाढा वर्षाला २-३ मिमी हिरडीबाहेर सरकतात. वरचा जबडा रुंद असल्याने वरच्या दाढांना गालाकडे, खालच्यांना जिभेकडे धार येते आणि लगाम ओढला की गाल त्यावर दाबला जातो.

गोव्यात डिचोली-पेडण्याकडे पावसात चारा मऊ, म्हणून दुखणे लपू शकते. सुके गवत सुरू झाल्यावर अर्धवट चघळलेले गोळे खाली पडतात का, पाहा. गालावर बाहेरूनच, वरच्या दाढांच्या रेषेत हलके दाबा. दचकला तर पशुवैद्याला बोलवा. तोंडात हात नको! दाढांची धार घासायची कानस त्यांनीच, गुंगी देऊन फिरवावी. ५ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी तपासणी, पुढे वर्षातून एकदा.