गाडी चालूच होत नाही? पावसाळ्यात गोव्यात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

जून लागला की फोंडा असो, डिचोली असो की म्हापसा, सकाळी कामावर निघायच्या वेळी वाड्यावर कुणाची तरी मोटरसायकल किंवा स्कूटर सेल्फवर घरघरत असते. रात्रभर पाऊस, हवेत पाणी, किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना वर खारा वारा. गाडी कुरकुरणारच. पण बहुतेक वेळा मूळ बिघाड किरकोळ असतो. गॅरेजवाल्याचं बिल फुगतं ते त्यानंतरच्या दहा मिनिटांत आपण केलेल्या उपद्व्यापांमुळे.

सेल्फ दाबत बसणं

सगळ्यात महाग चूक हीच. एका वेळी पाच सेकंदांहून जास्त सेल्फ दाबू नये आणि पुन्हा दाबण्याआधी दहा-पंधरा सेकंद थांबावं. तीन वेळा दाबून इंजिन पकडत नसेल तर चौथ्या वेळी पकडेल असं मानायला काही कारण नाही. तोवर बॅटरी बसते, ठिणगी पाडणारा प्लग पेट्रोलने भिजतो आणि सुरुवातीला नुसती एखादी वायर सैल असली तरी आता तीन दुखणी होतात.

त्यापेक्षा कान द्या. चावी फिरवली आणि मीटरवर एकही दिवा लागला नाही, तर बहुधा फ्यूज उडालाय किंवा बॅटरीचं टर्मिनल सुटलंय. दिवे लागतात पण सेल्फ दाबल्यावर टकटक टकटक एवढंच होतं, तर बॅटरी उतरलीय. हॉर्न वाजवून बघा, घसा बसल्यासारखा येईल. दिवे लख्ख आणि सेल्फ एकदम गप्प, तर किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं लाल बटण), साइड स्टँड, न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच बघा. इंजिन जोमाने फिरतंय आणि तरी पकडत नाही, तर मात्र प्रश्न पेट्रोल, ठिणगी किंवा हवेचा.

लाल बटण न बघणं

हसू नका. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोटीने जाणाऱ्यांनी हे दृश्य पाहिलं असेल. बोटीवर गाडी बंद करताना अंगठा सवयीने किल स्विचवर जातो. धक्का आला की मागचे हॉर्न मारतात आणि हा बापडा सेल्फ दाबतोय. काही गाड्यांत किल स्विच बंद असला की सेल्फ फिरतच नाही, पण काहींत फिरतो आणि फक्त ठिणगी पडत नाही. तिथेच माणूस फसतो. नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असताना गियर टाकलेला असेल तरी इंजिन चालू होत नाही. आणि चिखलात गाडी आडवी झाली असेल तर इंजेक्शनवाल्या (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या) बऱ्याच गाड्यांत पडल्याचं ओळखणारा सेन्सर इंजिन तोडतो. गाडी उभी करा, चावी बंद करून पुन्हा चालू करा, बस.

चोक आणि अॅक्सिलरेटर एकदम पिळणं

कार्बोरेटरची जुनी गाडी थंड असेल तर चोक ओढा, पण अॅक्सिलरेटर सोडून द्या. दोन्ही केलंत की पेट्रोल जास्त होतं आणि प्लग ओला होतो. पेट्रोलचा वास आला की समजा. मग चोक पूर्ण बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि पाच-सहा किका मारा, म्हणजे जास्तीचं पेट्रोल बाहेर पडेल. तरीही नाही तर प्लग काढून पुसा, वाळवा.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक आलं आणि नवीन मोटरसायकली जवळजवळ सगळ्या इंजेक्शनच्या झाल्या. त्यांना चोक नाही आणि चालू करताना अॅक्सिलरेटर पिळायची गरजही नाही. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतून बारीक गुणगुण येते, तो पेट्रोलचा पंप. ती थांबू द्या, मग सेल्फ. गुणगुण आलीच नाही तर आधी किल स्विच, मग पंपाचा फ्यूज.

प्लग घाईत काढणं

पावसात किंवा सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी मारल्यावर गाडी रुसली, तर पहिला संशय प्लगच्या कॅपवर. कॅप ओढून काढा, आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, वायरला तडे गेलेत का बघा. बऱ्याच गाड्यांचं एवढ्यावरच भागतं.

प्लग काढायची वेळ आलीच तर आधी त्याच्या खड्ड्यातलं पाणी आणि तांबडी माती फुंकून किंवा हवेच्या पंपाने काढून टाका. नाहीतर प्लग सुटताक्षणी ती माती थेट सिलिंडरमध्ये जाते. सत्तरी-डिचोलीकडच्या वाचकांना ही माती काय चीज आहे ते सांगायला नको. निघालेल्या प्लगचं टोक बघा: ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय पण ठिणगी नाही, ठणठणीत कोरडं असेल तर पेट्रोलच येत नाही, काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. म्हणजे एअर फिल्टर उघडा. ठिणगी तपासायची तर प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंड इंजिनला टेकवा, पण प्लगच्या उघड्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब. प्लग हातात धरू नका, झटका सणसणीत बसतो.

पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघणं

वाळवंटी नदीला पूर आला की साखळीच्या बाजारात पाणी शिरतं, आणि पाणी ओसरल्यावर पहिला विचार येतो, ‘चालू होते का बघूया.’ नका बघू. सायलेन्सरच्या किंवा एअर फिल्टरच्या वर पाणी गेलं असेल तर चावीला हातही लावू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये थोडं जरी राहिलं आणि सेल्फने जोर लावला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग इंजिन खोलण्याशिवाय इलाज नाही.

आधी बॅटरीची वायर सोडा, निगेटिव्ह पहिली. मग इंजिन ऑइल तपासा: दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, ते बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. प्लग काढून किक हळूहळू फिरवा, आतलं पाणी भोकातून उडेल. किक नसेल तर गियर टाकून मागचं चाक हाताने फिरवा. एअर फिल्टर, टाकी, इंजेक्शनची वायरिंग हे मेकॅनिकवर सोडा. पाणी खाडीचं किंवा समुद्राचं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, मीठ वाट बघत नाही.

धक्का मारून बघूया

सेकंड गियर, क्लच दाबून धाव, मग क्लच सोडा. कार्बोरेटरच्या गाडीला हे चालतं आणि पणजीत आल्तिन टेकडीचा उतार मिळाला तर धावावंही लागत नाही. पण इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण मेली असेल तर पंपच चालणार नाही, कितीही ढकला. आणि गियर नसलेल्या स्कूटरला धक्का मारणारे लोक मला अजून दिसतात. त्यांचा फक्त व्यायाम होतो.

गणेश चवथीनंतरची गाडी

महिनाभर उभी राहिलेल्या गाडीचं दुखणं निराळं. मल्टिमीटर असेल तर बॅटरी मोजा: चार्ज असेल तर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर खरवडून, घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा, वर नवीन पेट्रोल ओतून भागणार नाही. आणि ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर ओढू नका, आत सगळं घामेजून गंजतं. वर उंदरांना आयता मुक्काम मिळतो आणि वायरी त्यांना फार आवडतात.

गाडी भाड्याची असेल, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, तर किल स्विच, स्टँड आणि पेट्रोल एवढंच बघा आणि मालकाला फोन लावा. पाना हातात घेतलात की नुकसान कुणी केलं यावरून वाद रंगतो आणि डिपॉझिट त्याच्याकडे असतं.