गिअरची वाफेची इंजिने ओळखताना आणि मॉडेल बनवताना या चुका टाळा

उत्तर अमेरिकेच्या जंगलांतले लाकूडतोडीचे लोहमार्ग बहुधा तात्पुरते, वेडेवाकडे आणि भलत्याच चढाचे असत. तेथे मिशिगनच्या एफ्राइम शे यांनी १८८१ मध्ये पेटंट घेतलेले इंजिन उपयोगी पडले, कारण त्यात वाफेची ताकद दातेरी चाकांमधून बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या वळू शकणाऱ्या चाकांच्या सांगाड्याच्या, प्रत्येक आसापर्यंत पोचत असे.

पहिली गल्लत ‘गिअर’ या शब्दानेच होते. हे गिअर बहुधा मोटारीसारखे बदलता येत नाहीत. त्यांचे प्रमाण कायमचे ठरलेले असते. तसेच निलगिरीच्या गाडीप्रमाणे रुळांमध्ये दातेरी पट्टीही नसते. चाके साध्या रुळांवरच चालतात.

अशा प्रत्येक इंजिनाला ‘शे’ म्हणणे ही त्याहून मोठी चूक आहे. शेचे उभे सिलिंडर आणि त्यांची ताकद बोगींकडे नेणारा शाफ्ट (फिरता दांडा) उजव्या बाजूला असतात आणि सिलिंडरांचे वजन तोलण्यासाठी बॉयलर मुद्दाम डावीकडे सरकवलेला असतो, त्यामुळे तो वाकडा बसला आहे असे समजू नये. सिलिंडर डावीकडे दिसले, तर एखाददुसरा अपवाद वगळता छायाचित्रच उलटे छापलेले असते. क्लायमॅक्स या गिअरच्या दुसऱ्या प्रकारच्या इंजिनात बहुधा दोन्ही बाजूंना तिरपे सिलिंडर आणि मध्यभागी शाफ्ट असतो. हाइस्लर या तिसऱ्या प्रकाराचे सिलिंडर बॉयलरखाली इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे जुळतात. तेथे गिअर बोगीच्या एकाच आसाला असून दुसरा आस बाहेरच्या दांड्याने फिरतो.

आवाजावरून वेग ठरवू नये. तीन सिलिंडरांचा शे क्रँकशाफ्टच्या (सिलिंडरांनी फिरणाऱ्या दांड्याच्या) एका फेऱ्यात सहा वेळा धापा टाकतो आणि चाकाच्या एका फेऱ्यासाठी क्रँकशाफ्टला दोनाहून अधिक फेरे घ्यावे लागतात. म्हणून गाडी धावते आहे असे कानांना वाटते, तेव्हा ती सायकलच्या वेगाने सरकत असते.

शेचे मॉडेल सरळ रुळांवर नीट चालून वळणावर अडत असेल, तर दोष बहुधा गिअरचा नसून शाफ्टचा असतो. बोगी वळताना उजव्या बाजूला सिलिंडर आणि बोगी यांच्यातले अंतर कमीजास्त होते. म्हणून शाफ्टचा एक भाग दुसऱ्यात सहज सरकला पाहिजे. तो सरकत असूनही चाल हिसके देत असेल, तर शाफ्टच्या मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना असलेल्या वाकत्या सांध्यांचे काटे (दुफाटी टोके) एकाच प्रतलात आहेत का, ते पाहावे. ते नव्वद अंशांनी फिरलेले असल्यास एका सांध्याची असमान गती दुसरा सांधा भरून काढण्याऐवजी वाढवतो. अशा वेळी शाफ्ट उतरवून काटे जुळवावेत. गिअर घासत बसू नये.